स्टॉक कार्ब की बाहेरचा? एकाच गाडीवर तीन कार्ब चालवून झाल्यावर

कार्बवाली, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर असलेली गाडी अजून चालवणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात कधी ना कधी हे येतंच, की कंपनीचा कार्ब काढून बाहेरचा एखादा फ्लॅट स्लाइड (चपट्या सरकत्या झडपेचा) कार्ब टाकूया, पिकअप वाढेल, गाडी उडेल. माझ्या डोक्यात हे दोन वर्षं होतं आणि या दोन वर्षांत मी एकाच गाडीवर तीन कार्ब चालवले. आधी कंपनीचा सीव्ही (तो काय ते पुढे सांगतो), मग केहिन या जपानी कंपनीच्या पीडब्ल्यूके कार्बची एक स्वस्तातली कॉपी, मग जपानच्याच मिकुनीचा ओरिजिनल टीएम३३ पंपवाला, आणि आता परत कंपनीचाच, पण नीट रिपेअर केलेला. गाडी ४०० सीसी, एअर कूल्ड, सिंगल सिलेंडर. सायलेन्सर स्टॉक (म्हणजे कंपनीचाच), एअर बॉक्स (एअर फिल्टरचा डबा) स्टॉक, इंजिनला आतून हात लावलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं याच्यावरच अवलंबून आहे, ज्याने फ्री फ्लो सायलेन्सर लावलाय किंवा मोठा पिस्टन बसवलाय त्याचा हिशोब वेगळा निघेल.

सुरुवात झाली तक्रारीपासून. पाव थ्रॉटल ते अर्ध्या थ्रॉटलपर्यंत गाडी घुटमळायची, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फट फट आवाज, गरम झाल्यावर आयडलिंग कधी चढलेलं राहायचं तर कधी गाडी सिग्नलला बंद पडायची, आणि लिटरला ३१ देणारी गाडी २५ वर आली. ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, कार्ब गेला, बदलून टाक. मी पण तेच धरून चाललो. तेव्हा कार्ब नक्की काय बिघडलाय हे बघायला हवं होतं, पण नवीन चकचकीत कार्बचे फोटो बघितले की हे सुचत नाही, खरं सांगतो.

आधी सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) कार्ब म्हणजे काय ते थोडक्यात, कारण बरेच जण त्याला उगाच नावं ठेवतात. यात तुमच्या थ्रॉटल केबलला फक्त एक बटरफ्लाय झडप जोडलेली असते. आतली स्लाइड, म्हणजे जिला पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई लटकलेली असते ती, केबल ओढत नाही, इंजिनचा व्हॅक्यूम ओढतो. स्लाइडच्या डोक्यावर रबराचा डायफ्राम असतो, त्याच्या वरच्या बाजूचा दाब स्लाइडच्या तळाच्या बारीक भोकातून कमी होतो, खालच्या बाजूला बाहेरच्या हवेचा दाब, त्यामुळे स्लाइड वर उचलली जाते. म्हणजे तुम्ही खालच्या आरपीएमला झटक्यात पूर्ण थ्रॉटल दिला तरी इंजिनला जेवढी हवा पचते तेवढीच स्लाइड उघडते. गाडी गुदमरत नाही. या सुरक्षिततेची किंमत म्हणजे प्रतिसाद किंचित मऊ वाटतो, मनगट फिरवलं आणि गाडीने झेप घेतली यात एक छोटासा श्वास असतो.

स्लाइड कार्बमध्ये, गोल असो की फ्लॅट, केबल थेट स्लाइडलाच. तुम्ही ओढली की ती उघडली, इंजिन तयार असो नसो. खालच्या आरपीएमला एकदम उघडली तर हवेचा वेग पडतो, पेट्रोल वर ओढलं जात नाही आणि गाडी ढुस्स करते. म्हणूनच चांगल्या फ्लॅट स्लाइड कार्बना अ‍ॅक्सिलरेटर पंप असतो, जो थ्रॉटल उघडताना पेट्रोलची एक पिचकारी थेट आत मारतो. पंप नसलेला मोठा स्लाइड कार्ब रोजच्या ट्रॅफिकमध्ये चालवायचा म्हणजे मनगटाला नवीन सवय लावून घ्यावी लागते.

आता कॉपीवाला कार्ब. कोणाचा ते लिहीत नाही, असे ढिगाने मिळतात. बॉक्स उघडला तेव्हा वरून फिनिश छान दिसत होतं. बसवताना पहिली अडचण केबलची, माझ्या गाडीला उघडायची एक आणि बंद करायची एक अशा दोन केबल, याला एकच लागते. दुसरी अडचण, पेट्रोल कॉक व्हॅक्यूमवर चालणारा, त्याची नळी स्टॉक कार्बला लागायची आणि या नव्याला ती निपलच नाही, म्हणजे साधा ऑन-ऑफ कॉक आणा. एअर बॉक्सचं रबर तोंडाला सैल, क्लॅम्प शेवटपर्यंत आवळला तरी बोटाने फिरत होतं. चोक हँडलवरून केबलने ओढायचो, आता खाली वाकून बटण ओढायचं. तुमच्या स्टॉक कार्बला थ्रॉटल पोझिशन सेन्सर असेल तर अजून एक गोष्ट बघा, काही गाड्यांचं इग्निशन त्या सेन्सरकडे बघून टायमिंग ठरवतं, आणि बाहेरच्या कार्बला तो बहुतेक वेळा नसतोच. वायर तशीच लोंबकळत ठेवून चालत नाही.

बसला एकदाचा. गाडी सुरू झाली आणि पहिल्या दिवशी मला वाटलं वा, काय पिकअप आहे. हे सगळ्यांनाच वाटतं, कारण थ्रॉटल थेट झाल्यामुळे हाताला तसं जाणवतं. आठवड्याभरात रंग दिसायला लागले. फ्लोट बाऊलच्या (कार्बखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) गॅस्केटमधून पेट्रोलचा ओलावा, रात्री गाडी उभी केली की सकाळी खाली डाग. बरोबर आलेल्या दोन मेन जेटवर (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) एकच आकडा कोरलेला आणि दोन्ही खिडकीकडे धरून बघितले तर भोकं उघड्या डोळ्यांना वेगळी दिसत होती. स्लाइड बोटाने हलवली की बॉडीत खडखडायची. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, ट्युनिंग करून घ्या. अहो, ज्या जेटवर लिहिलेला आकडाच खोटा आहे त्याने ट्युनिंग कसं करायचं? आज एक जेट टाकून गाडी रिच (पेट्रोल जास्त) वाटली म्हणून तुम्ही एक नंबर खाली आलात आणि तो खालचा नंबर प्रत्यक्षात मोठा निघाला, तर माणूस महिनाभर गोल गोल फिरतो. मी फिरलो. जेट नंबरवरून अजून एक, मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा पेट्रोल किती वाहतं त्याचा असतो आणि केहिनच्या मेन जेटवरचा भोकाच्या मापाचा, १२० म्हणजे १.२० मिमी. दोघांचे १२० सारखे नाहीत. मित्राने सांगितलेला नंबर दुसऱ्या कंपनीच्या कार्बमध्ये आंधळेपणाने टाकू नका.

पण कॉपीला शिव्या घालताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तिथून सगळं फिरलं. आयडलिंग चढून राहायची तक्रार नव्या कार्बवरही तशीच होती. डिट्टो तशीच. कार्ब बदलला आणि रोग तोच, म्हणजे रोग कार्बमध्ये नव्हता, निदान सगळा तरी नव्हता. मग एका संध्याकाळी गाडी आयडलवर ठेवून कार्ब आणि इंजिनच्या मधल्या रबरी मॅनिफोल्डवर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारत गेलो. वरून काही नाही, बाजूने काही नाही, खालून मारला आणि इंजिनचा सूर बदलला, आरपीएम वर गेले. (हे थंड इंजिनवर, उघड्यावर आणि थोडा थोडाच फवारा मारून करा, ते पेट घेतं.) मॅनिफोल्ड काढून हातात वाकवलं तर खालच्या बाजूला चीर, बंद असताना दिसतच नव्हती, वाकवल्यावर ओठ उघडावेत तशी उघडली. तिथून फुकटची हवा आत जात होती आणि गाडी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होत होती. फट फट आवाज, चढलेलं आयडल, चोकशिवाय न उठणं, सगळं तिथूनच. कार्ब बदलायच्या आधी हे रबर बघा, एअर फिल्टर बघा, टॅपेट (इंजिनच्या झडपांची फट) बघा, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का बघा, प्लगची कॅप बघा.

मॅनिफोल्ड बदलल्यावर कॉपी कार्ब बरा चालायला लागला हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. बरा, चांगला नाही. स्लाइडची खडखड आणि बाऊलची गळती तशीच, आणि पेट्रोल गळणाऱ्या कार्बवर मी गरम इंजिनच्या वर बसून फिरणार नाही. काढून टाकला.

मग टीएम३३. इथे फरक हातात घेतल्याबरोबर कळतो. स्लाइड बॉडीत अशी बसते की जराही खेळ नाही, जेटवर जे लिहिलंय तेच असतं, आणि सुया, जेट, गॅस्केट सगळं सुटं मिळतं. एअर बॉक्सच्या बाजूने आत बघत थ्रॉटल उघडला की पंपच्या बारीक नळीतून पेट्रोलची एक सरळ धार सुटते, केसापेक्षा थोडी जाड. ही धार स्लाइडवर किंवा सुईवर आपटत नाही ना ते बघायचं आणि नेमकी कधी सुरू होते ते सेट करायचं, उशीर झाला तर ढुस्स, जास्त वेळ चालली तर काळा धूर.

जेटिंगला मला दोन महिने लागले, रोज नाही पण सुट्टीचे दिवस गेले. थ्रॉटलच्या मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावली, बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा केल्या आणि स्विचच्या बॉक्सवर एक रेघ. याच्याशिवाय ट्युनिंग करू नका, कारण आपल्याला अर्धा थ्रॉटल वाटतो तो बहुतेक वेळा पावच असतो. पाव थ्रॉटलपर्यंत स्लो जेट (आयडलचं पेट्रोल देणारा) आणि मिक्स्चर स्क्रूचं राज्य, पाव ते पाऊण सुई आणि नीडल जेटचं (सुई ज्यात सरकते ती नळी), त्याच्या वर मेन जेट. आधी मेन जेट, मग सुई, मग स्लो, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत लिहून ठेवायची. सुईची क्लिप खालच्या खाचेत टाकली की सुई वर येते आणि रिच होतं, वरच्या खाचेत टाकली की लीन. आणि स्क्रूचं बघा, तो इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा स्क्रू, बाहेर काढला की रिच, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा स्क्रू, बाहेर काढला की लीन. इथे चांगले चांगले मेकॅनिक पण उलटं फिरवताना बघितलेत.

सगळं जमल्यावर गाडी सुंदर चालली, यात शंका नाही. वळणातून बाहेर येताना थ्रॉटल दिला की त्याच क्षणी ओढ, सीव्हीमधला तो छोटा श्वास गायब. टॉप स्पीड मात्र होता तेवढाच. स्टॉक सायलेन्सर, स्टॉक एअर बॉक्स, तेच कॅम, मग इंजिन जास्त हवा घेणार कुठून? मायलेज २७ च्या आसपास. स्प्रिंग जड, तीन-चार तासांच्या रायडिंगनंतर मनगट बोलायला लागतं. आणि डोंगरात ३००० मीटरच्या वर गेलो तेव्हा खरी परीक्षा झाली. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास पाव भाग विरळ असते, टीएम३३ पेट्रोल मात्र खालच्या हिशोबानेच देत राहिला, गाडी रिच होऊन जड झाली, प्लग काढला तर काजळीने काळा कुळकुळीत. रस्त्याच्या कडेला बाऊल उघडून छोटा मेन जेट टाकला, सुईची क्लिप एक खाच वर घेतली, तेव्हा कुठे चालली. त्याच रस्त्यावर आधी सीव्ही घेऊन गेलो होतो, तेव्हा पॉवर कमी वाटली होती पण गाडीने त्रास दिला नव्हता, कारण सीव्हीची स्लाइड हवेच्या दाबावर चालते म्हणून तो थोडंफार स्वतःच सांभाळून घेतो.

परत आल्यावर जुना सीव्ही टेबलावर घेतला, वर्तमानपत्र पसरलं आणि पूर्ण खोलला. खोलायच्या आधी एक सांगतो, जपानी कार्बचे स्क्रू जेआयएस पद्धतीचे असतात, दिसतात साध्या फिलिप्ससारखे पण साधा स्क्रू ड्रायव्हर त्यांच्यात पूर्ण बसत नाही आणि डोकं खातो. बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं, ते ओळख. जेआयएस ड्रायव्हर घ्या, स्क्रू वाचतात.

डायफ्राम उजेडाकडे ताणून बघितला, भोक नाही. याला टाचणीएवढं जरी भोक पडलं तरी स्लाइड पूर्ण उचलत नाही आणि गाडी वरच्या आरपीएमला जातच नाही, लोक मग क्लचप्लेट बदलत बसतात. स्लो जेट उजेडाकडे धरला तर गोल उजेड दिसायला हवा तिथे अर्धा चंद्र, बाकीचं सुकलेल्या पेट्रोलच्या राळेने बुजलेलं. तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. क्लीनरमध्ये बुडवून, हवा मारून निघालं. (क्लीनर मारताना डायफ्राम आणि ओ-रिंग बाजूला काढून ठेवा, रबर फुगतं.) आणि मग नीडल जेट बघितला, म्हणजे ज्या पितळी नळीत सुई वर-खाली होते ती. भिंगातून बघितलं तर भोक गोल राहिलंच नव्हतं, सुई वर्षानुवर्षं घासून अंडाकृती झालेलं, सुईवर पण एका बाजूला चमकदार पट्टा. म्हणजे मधल्या थ्रॉटलला जास्त पेट्रोल जात होतं. घुटमळणं हेच, गेलेलं मायलेज हेच. मॅनिफोल्डच्या चिरेमुळे खाली लीन आणि घासलेल्या नीडल जेटमुळे मध्ये रिच, दोन उलटे रोग एकाच गाडीत, म्हणून कोणालाच पत्ता लागत नव्हता. एक सोपी टेस्ट तेव्हा माहीत असती तर लवकर कळलं असतं, गाडी ज्या थ्रॉटलला घुटमळते तिथे चोक थोडा ओढून बघायचा, सुधारली तर लीन, अजून बिघडली तर रिच.

कंपनीची सुई आणि नीडल जेट मागवले, फ्लोट पिन आणि ओ-रिंगचा सेट घेतला. बाहेरच्या रिपेअर किटमधून मी फक्त रबर वापरतो, पितळी जेट आणि सुई ओरिजिनलच, कारण किटमधल्या सुईचा उतार वेगळा असला की पूर्ण मधला भाग बिघडतो. मिक्स्चर स्क्रूवर कंपनीने पितळी टोपी ठोकलेली असते, कोणी छेडू नये म्हणून, कारण प्रदूषणाच्या नियमांसाठी गाडी कारखान्यातूनच लीन ठेवलेली असते. ती टोपी हळू ड्रिल करून काढली. स्क्रू काढायच्या आधी तो आत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा, आणि त्याच्या मागे स्प्रिंग, छोटा वॉशर आणि ओ-रिंग असते ते मोजून बाहेर काढा, ओ-रिंग आतच चिकटून राहते आणि लोकांना ती होती हेच कळत नाही. सुईच्या खाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर टाकला, कारण माझ्या स्टॉक सुईला क्लिपच्या खाचाच नाहीत. स्लाइडच्या तळाचं भोक मात्र मोठं केलं नाही. काही जेट किटमध्ये ते ड्रिल करायला सांगतात, स्लाइड लवकर उचलते हे खरं, पण एकदा मोठं केलेलं भोक परत लहान होत नाही.

गाडी पहिल्या सेल्फला उठली. मायलेज परत ३०-३१. घुटमळणं गेलं, फट फट गेलं. पिकअप टीएम३३ इतका तडक नाही, पण वॉशर टाकल्यावर आधीपेक्षा नक्की भरलेला, आणि रोजच्या वापरात मला त्या फरकाची उणीव भासत नाही.

म्हणून माझं मत असं आहे. इंजिन, सायलेन्सर, एअर बॉक्स स्टॉक असेल तर स्टॉक कार्बच, आणि त्याच्यावर मनापासून एक दिवस घालवा. सुझुकीचंच उदाहरण बघा, डीआर-झेड४०० च्या रस्त्यावरच्या एस मॉडेलला ३६ मिमीचा मिकुनी सीव्ही आणि मातीत पळवायच्या ई मॉडेलला केहिनचा ३९ मिमीचा एफसीआर हा फ्लॅट स्लाइड कार्ब होता, मूळ इंजिन एकच, वापर वेगळा म्हणून कार्ब वेगळा. कंपनीने सीव्ही पैसे वाचवायला टाकलेला नसतो. मातीत, ट्रॅकवर पळवत असाल, कॅम, पिस्टन, सायलेन्सर बदलला असेल, किंवा स्टॉक कार्बची बॉडीच झिजली आणि भाग मिळत नसतील तर ओरिजिनल मिकुनी, केहिन घ्या, पंपवाला घ्या, आणि जेटिंगला वेळ काढणार असाल तरच घ्या. साइजचा मोह टाळा, तोंड मोठं केलं की खालच्या आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि रोजची गाडी त्याच आरपीएमला चालते. गाडी वॉरंटीत असेल किंवा तुमच्याकडे प्रदूषणाचे नियम कडक असतील तर आधी ते तपासा. कॉपी कार्ब कुठल्याच परिस्थितीत नको, त्याच खर्चात स्टॉकची सुई, नीडल जेट आणि रबरं येतात.

टीएम३३ विकला नाही. बाऊल रिकामा करून, जेटांची वही सोबत ठेवून डब्यात बंद केलाय, सायलेन्सर बदलीन तेव्हा परत काढीन. सीव्हीवर सध्याचं सेटिंग, स्क्रू सव्वा दोन फेरे बाहेर, सुईखाली तोच अर्धा मिलिमीटरचा वॉशर, मेन आणि स्लो जेट दोन्ही कंपनीचेच. प्लग परवा काढून बघितला, फिकट तपकिरी.